नदीकडून उसनी घेतलेली जमीन

नदीकाठच्या बंद पडलेल्या वाळू-खडीच्या खाणींचं पुढं काय करायचं, हा वाद निघाला की दोन फोटो हमखास पुढं येतात. एकात उघडाबोडका खड्डा, मधोमध हिरवट डबकं, काठावर गंजत पडलेली चाळण. दुसऱ्यात तीच जागा वीस-पंचवीस वर्षांनंतरची: निळंशार तळं, भोवती झाडी, पाण्यावर बदकांचा थवा आणि कोपऱ्यात खाण चालवणाऱ्या कंपनीची पाटी. पहिला फोटो नाचवणारा म्हणतो, बघा काय करून ठेवलंय. दुसरा म्हणतो, बघा काय करून दाखवलंय. पुढचा सगळा वाद या ‘ठेवलंय’ आणि ‘दाखवलंय’च्या मधे लोंबकळत राहतो. गंमत अशी की नदी दोन्ही फोटोंत नसते. ती चौकटीबाहेर, कधी कधी जेमतेम शंभर पावलांवर वाहत असते. तिचं या जागेशी आता काही देणंघेणं उरलंय का, हे कुणी विचारत नाही.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. खणलेली नदीकाठची जमीन वन्यजीवांसाठी पुन्हा उभी करता येते आणि ती करायलाच हवी. पण खड्डा सजवला म्हणजे जमीन परत दिली असं होत नाही. ही जमीन नदीकडून उसनी घेतलेली असते, आणि परतफेड नदीलाच व्हायला हवी. म्हणजे पुराचं पाणी तिथं पुन्हा चढलं पाहिजे, उतरलं पाहिजे, गाळ आणि गोटे टाकून गेलं पाहिजे. हे जमायचं असेल तर त्याचा आराखडा पहिला डंपर भरायच्या आधी हवा. आणि जिथं हे जमणारच नाही, तिथं खणायचं नाही. यातलं शेवटचं वाक्य ऐकून खाणवाले नाराज होतात, पहिलं ऐकून पर्यावरणवाले. दोघांच्याही नाराजीत तथ्य आहे, म्हणून जरा तपशिलात जातो.

मुळात वाळू आणि गोटे नदीकाठीच का सापडतात? कारण नदीनं हजारो वर्षं डोंगर फोडून, घासून, धुऊन, आकारानुसार निवडून ते तिथं रचलेले असतात. माणसाला चाळणीतून काढावा लागतो तसा माल नदीनं फुकटात तयार ठेवलेला असतो. आणि ज्या कारणानं तो माल तिथं आहे, नेमक्या त्याच कारणानं तिथं जीवसृष्टीही दाटीवाटीनं आहे. पूर येतो, एक काठ खचतो, दुसरीकडं नवं बेट तयार होतं, जुना प्रवाह तुटून त्याचं डोहासारखं तळं होतं, त्यात लव्हाळं माजतं, मग ते भरून येतं आणि तिथं वाळुंज उगवतात. एकाच वेळी या सगळ्या अवस्था शेजारी शेजारी नांदतात म्हणून नदीकाठ इतका श्रीमंत असतो. आपण खडी उचलतो तेव्हा त्या उलाढालीचं भांडवलच उचलतो.

‘मग बंदीच घाला ना’, हे उत्तर सोपं आहे आणि मला ते मनापासून आवडलंही असतं. पण संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचा २०२२ चा अंदाज सांगतो की जग दरवर्षी सुमारे ५० अब्ज टन वाळू आणि खडी वापरतं. ही भूक एका नदीवर बंदी घातल्यानं मरत नाही, ती बाजूला सरकते. या शतकाच्या सुरुवातीला चीननं यांगत्सेच्या पात्रात वाळू काढायला बंदी केली आणि ड्रेजर, म्हणजे तळातली वाळू उपसणारी जहाजं, शेजारच्या पोयांग सरोवरात शिरले. सरोवराचं पाणी नदीत जातं ती वाट त्यांनी इतकी खोल आणि रुंद करून ठेवली की हिवाळ्यात सरोवर पूर्वीपेक्षा लवकर आणि जास्त रिकामं होऊ लागलं. जगातले जवळजवळ सगळे सायबेरियन क्रौंच हिवाळा काढायला याच सरोवरावर येतात. म्हणजे एका ठिकाणचं दुखणं हलवून आपण ते दुसऱ्या, कदाचित जास्त नाजूक जागी नेऊन ठेवलं. तेव्हा बंदी हवीच, पण निवडून हवी. आणि जिथं खणणं चालू राहणार आहे, झालेलं आहे, तिथल्या जमिनीचा प्रश्न बंदीनं सुटत नाही.

आता खाणींच्या बाजूचा सर्वांत भक्कम मुद्दा घेतो. तो कंपन्यांच्या माहितीपत्रकात नसतो, इतिहासात आहे. इंग्लंडच्या पूर्वेला नॉरफोकमध्ये ‘ब्रॉड्स’ नावाची उथळ तळी आहेत, नद्यांना लागून पसरलेली. पाणपक्षी, बोरूची बनं, दुर्मीळ फुलपाखरं, सगळं तिथं आहे. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत सगळे ती नैसर्गिक तळी समजत होते. मग जॉइस लॅम्बर्ट या वनस्पतिशास्त्रज्ञ बाईंनी काठाला आणि तळाला भोकं पाडून मातीचे नमुने काढले, तेव्हा गाळाखाली सरळ उभ्या भिंती आणि सपाट तळ सापडला. ही तळी म्हणजे मध्ययुगात जळणासाठी पीट, म्हणजे दलदलीतली कुजक्या पाल्याची माती, खणून काढलेल्या खाणी होत्या, चौदाव्या शतकात पाणी चढून बुडालेल्या. ब्रिटनमध्ये बिटर्न हा तापस कुळातला बगळा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वीण थांबून नाहीसा झाला होता. १९११ मध्ये तो परत आला तो याच ब्रॉड्समध्ये. म्हणजे परतणाऱ्या पक्ष्यानं निवडली ती माणसानं खणून टाकलेली जागा.

असंच कंठेरी चिखल्याचं. गळ्यात काळा पट्टा, डोळ्याभोवती पिवळं कडं, मुठीत मावेल एवढा हा पक्षी नदीच्या मोकळ्या गोट्यांवर अंडी घालतो. युरोपातल्या नद्या बांधून सरळ केल्या गेल्या तसे ते गोट्यांचे पट्टे गेले. ब्रिटनमध्ये त्याचं पहिलं घरटं १९३८ मध्ये सापडलं, तेही एका उपसलेल्या जलाशयाच्या तळाशी, आणि पुढं तो देशभर पसरला तो मुख्यतः खडीच्या खाणींच्या आधारानं. काठाच्या उभ्या दरडीत हातभर खोल बिळं करणाऱ्या पाकोळ्याही नदीची दरड मिळेनाशी झाली की खाणीच्या ताज्या कापलेल्या भिंतीत वस्ती करतात. मग प्रश्न रास्तच आहे: जिथं आपण नद्यांना जखडून टाकलंय, तिथं खाण हीच शेवटची बंडखोर नदी नाही का?

हो, काही अंशी आहे. हे न मानणारा पर्यावरणवादी घराबाहेर पडून पक्षी पाहत नसावा. पण या उदाहरणांतून ‘निसर्ग आपोआप सावरतो, तुम्ही निवांत राहा’ हा निष्कर्ष काढणं म्हणजे आजोबा विडी ओढून नव्वद वर्षं जगले म्हणून विडी औषधी ठरवणं. ब्रॉड्स फावड्यानं खणले गेले, शेदीडशे नव्हे तर पाच-सहाशे वर्षं त्यांत गाळ साचत आणि बोरू सरकत राहिला, आणि तो सगळा काळ नद्यांचं पाणी आजच्या मानानं निर्मळ होतं. विसाव्या शतकात सांडपाणी आणि खतांतलं फॉस्फरस त्यात उतरलं तेव्हा याच ब्रॉड्समधल्या पाणवनस्पती भराभर मेल्या. खाण आपोआप सावरते हे खरं, पण शेजार धड असेल आणि आपली थांबायची तयारी शतकांत मोजण्याइतकी असेल तर. चिखल्याचंही तसंच. त्याला खाण आवडते ती चालू असताना, कारण तेव्हा यंत्रं रोज नवे उघडे गोटे काढत असतात. खाण बंद झाली की चार-पाच पावसाळ्यांत गवत आणि झुडपं येतात आणि तो निघून जातो.

एका बंद खाणीच्या काठावर मी उभा राहिलो होतो तेव्हाचं चित्र अजून डोळ्यांपुढं आहे. लांबून तळं सुरेख दिसत होतं. जवळ गेलो तर काठ असा नव्हताच. पायाखालची जमीन संपत होती आणि पाणी सुरू होत होतं, मधे काही नाही. हातातली काठी काठावरूनच पाण्यात घातली, तळ लागला नाही. खाण चालवणारा हिशेबाला चुकत नाही: परवानगी मिळालेल्या हद्दीतून जास्तीत जास्त माल काढायचा तर कडा जितकी उभी तितका फायदा. पण वीतभर पायाच्या पक्ष्यानं उभं कुठं राहायचं? बोरूला मूळ धरायला गुडघाभर पाणी हवं, बेडकाला अंडी घालायला त्याहून उथळ. तासभरात मला तिथं मधोमध तरंगणारी काही बदकं आणि एक खंड्या दिसला. काठ पूर्ण रिकामा. फोटोत मात्र हे तळं झकास आलं असतं.

याउलट इंग्लंडमधल्या केंब्रिजशरमध्ये ग्रेट ऊझ नदीला लागून जे चाललंय ते बघा. तिथल्या खडीच्या खाणीचा जो टप्पा संपतो तो पक्षी संरक्षण करणाऱ्या आरएसपीबी या संस्थेच्या ताब्यात जातो, आणि सुमारे ७०० हेक्टरांवर पाणथळ जागा आणि ब्रिटनमधलं सर्वांत मोठं बोरूचं बन उभं करायचं असं ठरलेलं आहे. इथं कौतुकाची गोष्ट झाडं लावण्याची नाही, उतार काढण्याची आहे. पाणी कुठं वीतभर, कुठं कमरेइतकं राहील, ते कुठल्या दारातून आत घ्यायचं आणि कुठून सोडायचं, हे यंत्रं अजून जागेवर असतानाच ठरतं. खाणीवरचं एक्सकॅव्हेटर त्याच हंगामात दोन दिवस जास्त चाललं तर जो उतार निघतो, तोच दहा वर्षांनी करायचा तर सगळी यंत्रणा नव्यानं आणावी लागते, आणि ती कुणी आणत नाही. सॉमरसेटमधलं हॅम वॉल हेही संपलेल्या पीटच्या खाणींवर १९९० च्या दशकात मुद्दाम घडवलेलं अभयारण्य. ब्रिटनमध्ये १९९७ मध्ये बिटर्नचे घुमणारे नर फक्त ११ उरले होते. २०२३ मध्ये ते दोनशेच्या वर गेले. सगळं श्रेय खाणींना नाही, जुन्या बोरूच्या बनांची डागडुजीही त्यात आहे. पण आराखडा करून घडवलेल्या खाणींचा त्यात मोठा वाटा आहे.

आता माझ्याच बाजूच्या लोकांशी भांडण. ‘पुनर्वसन’ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं येतं ते वृक्षारोपण. खड्डा बुजवा, वर सुपीक माती पसरा, ओळीत रोपं लावा, आकडा जाहीर करा. आकडा मोजता येतो म्हणून तो प्रशासनाला आवडतो आणि हिरवं दिसतं म्हणून तो आपल्याला आवडतो. पण चिखल्याचं घरटं म्हणजे काय असतं? गोट्यांत बोटानं केल्यासारखा एक खळगा, त्यात चार अंडी, ठिपक्याठिपक्यांची, आजूबाजूच्या खड्यांत इतकी मिसळलेली की दोन पावलांवरून दिसत नाहीत. त्यावर सहा इंच काळी माती टाकणं याला आपण निसर्गसेवा म्हणणार? वाळूची निकस, उघडी, तापणारी जमीन ही कमतरता नसते. एकट्या राहणाऱ्या कितीतरी मधमाश्या, गांधीलमाश्या, भुंगे यांना तीच लागते. सुपीक माती टाकली की चार दांडगी तणं बाकी सगळ्यांना दाबून टाकतात.

चेक प्रजासत्ताकात कारेल प्राख आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वाळू-खडीच्या खाणींचा बरीच वर्षं अभ्यास केला. जिथं आसपास नैसर्गिक झाडोरा शिल्लक होता, तिथं काहीही न लावता सोडलेल्या खाणींत उगवलेली वनस्पतिसृष्टी पाइनची लागवड केलेल्या खाणींपेक्षा बहुधा सरस निघाली. अमेरिकेच्या ॲपलाचियन डोंगरांतला धडा तर आणखी बोचरा. कोळशाच्या खाणींसाठी १९७७ चा कायदा आला, जमीन पूर्वीसारखी करून द्या म्हणाला, आणि कंपन्यांनी रोलर फिरवून ती घट्ट दाबून, त्यावर गवत पेरून, गुळगुळीत करून दिली. घसरणार नाही, वाहून जाणार नाही, तपासनीस खूश. पण त्या दाबलेल्या मातीत झाडांची मुळंच शिरेनात. पुढं २००४ पासून तिथं उलटी मोहीम चालवावी लागली की बाबांनो, माती सैल, ओबडधोबड राहू द्या. नीटनेटकेपणाचा आपला सोस किती महाग पडतो, याचं यापेक्षा चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

मग ‘काहीच करू नका’ आणि ‘नीट आखून करा’ यांत विरोध नाही का? वरवर आहे. उतार, पाण्याची पातळी, नदीशी जोड, हे निसर्ग आपल्या आयुष्यात करून देत नाही, ते यंत्रानं करावं लागतं. त्यावर कोण उगवेल, कोण येईल, हे त्याच्यावर सोडता येतं. आपण नेमकं उलट करतो. भूरचना तशीच ठेवतो आणि रोपं लावतो.

पण मघापासून मी पक्ष्यांचंच बोलतोय, आणि इथं एक मोठी फसगत आहे. पक्ष्याला पंख असतात. त्याला तळं नदीशी जोडलेलं नसलं तरी चालतं. माशाला चालत नाही, आणि चुकीचं जोडलेलं असेल तर त्याहून वाईट. कॅलिफोर्नियातल्या ट्युओलमी नदीत पात्रातूनच खडी काढल्यानं खोल, संथ डोह तयार झाले होते. समुद्राकडं निघालेली सामनची पिल्लं तिथं पोचली की त्यांचा वेग मंदावायचा, आणि त्या कोमट, थांबलेल्या पाण्यात बाहेरून आणून सोडलेले बास मासे त्यांची वाटच पाहत असायचे. शेवटी या शतकाच्या सुरुवातीला तिथला एक डोह मुद्दाम भरून काढून पुन्हा उथळ, खळाळतं पात्र करावं लागलं. फोटो काढला असता तर तो डोहही रम्यच आला असता. जागा ‘जिवंत’ झाली म्हणताना कुणासाठी, हे विचारावंच लागतं.

आणि नदीच्या बाजूनं पाहिलं तर खड्डा नुसता खड्डा राहत नाही. कॅलिफोर्नियातलेच नदी-अभ्यासक मॅथियास कोंडोल्फ यांनी यासाठी १९९७ मध्ये ‘भुकेलं पाणी’ हा शब्द वापरला. वाहत्या पाण्यात गाळ वाहायची ताकद असते. वरून येणारा गाळ खड्ड्यात अडकला की खाली जाणारं पाणी रिकाम्या हातानं जातं आणि आपली भूक तळ आणि काठ खाऊन भागवतं. खड्ड्याच्या वरच्या अंगालाही पात्रात पायरी पडते आणि ती पायरी पूर येईल तशी वर वर सरकत जाते. पात्र खाली गेलं की काठच्या विहिरींचं पाणी खाली जातं, पुलांचे पाय उघडे पडतात. पोर्तुगालमध्ये ४ मार्च २००१ च्या रात्री डोरू नदीवरचा हिन्त्झ रिबैरू पूल कोसळला, एक बस आणि मोटारी पुरात गेल्या, ५९ माणसं मेली. पुलाच्या खांबाखालचा तळ खरवडला गेला होता, आणि वर्षानुवर्षं चाललेला वाळूउपसा त्याचं एक कारण होता. काठावरच्या खड्ड्यांचाही भरवसा नाही. मोठ्या पुरात नदी मधला बांध फोडून त्यांत घुसते आणि पात्रच बदलून टाकते. तेव्हा खाणीच्या कुंपणाच्या आत केलेलं सुंदर पुनर्वसन आणि बाहेर चाललेली पडझड हे एकाच वेळी खरं असू शकतं. पुनर्वसनाचा हिशेब मैलभर वर आणि मैलभर खाली मोजायला हवा, तो आपण कुंपणाशी थांबवतो.

इथं परवान्याचा मुद्दा येतो, आणि विरोधकांचा हा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. ते म्हणतात: एकदा तुम्ही ‘खणलेली जमीन पुन्हा उभी करता येते’ हे मान्य केलंत की प्रत्येक कंत्राटदार तेच वाक्य अर्जाला जोडणार. आज खणू द्या, उद्या हिरवं करून देतो. हा उद्या कधी येतो? इतिहास त्यांच्या बाजूनं आहे. कॅलिफोर्नियात सोन्यासाठी पाण्याच्या प्रचंड फवाऱ्यांनी डोंगर धुतले जात होते. खाली मेरीजव्हिल गावापाशी युबा नदीचा तळ त्या धुतलेल्या दगडमातीच्या राड्यानं गावातल्या रस्त्यांच्याही वर चढला, शेतं गाडली गेली. शेतकरी कोर्टात गेले. खाणवाल्यांचं उत्तर काय, तर राडा अडवायला बंधारे बांधू. ७ जानेवारी १८८४ ला न्यायमूर्ती लोरेन्झो सॉयर यांनी निकाल दिला आणि नद्यांत राडा सोडणं बंद केलं. पुढच्या उपायांच्या भरवशावर आजचं नुकसान चालू ठेवू द्यायला ते तयार झाले नाहीत. सव्वाशेहून अधिक वर्षं उलटली तरी त्या राड्यातला पारा त्या खोऱ्यात अजून आहे.

तर हा आक्षेप मी पूर्ण मान्य करतो, आणि म्हणूनच काही जागा यादीतून कायमच्या काढाव्यात असं म्हणतो. चंबळ घ्या. घडियालची, म्हणजे लांब निमुळत्या तोंडाच्या सुसरीची मादी मार्च-एप्रिलमध्ये नदीकाठच्या उंच वाळूत खड्डा करून अंडी घालते, आणि पिल्लं पावसाळा लागायच्या आत बाहेर पडतात. पाणचिरा त्याच नदीच्या मधल्या वाळूच्या बेटांवर अंडी घालतो. इथं वाळू म्हणजे अधिवासाखालची जमीन नाही, वाळू हाच अधिवास. ती ट्रॅक्टरनं उचलून नेल्यावर त्याच्या बदल्यात कुठं तळं, कुठं बन करून देता? सुसरीला बनाचं काय करायचंय? जिथं मालच घरटं आहे तिथं ‘पुनर्वसन’ हा शब्दच लबाडी आहे.

पण सगळ्याच जागा चंबळ नसतात. शतकानुशतकं बांध घालून नदीपासून तोडलेली, नांगरलेली, सपाट केलेली पूरमैदानंही असतात, आणि तिथं खणणं हेच परतफेडीचं साधन होऊ शकतं. नेदरलँड्समध्ये १९८६ मध्ये ‘करकोचा योजना’ नावाचा एक आराखडा पुढं आला. त्याची कल्पना विलक्षण साधी होती. विटांच्या भट्ट्यांना माती हवीच आहे ना, मग ती बांधाआतल्या पूरमैदानातून घ्या, पण चौकोनी खड्डे करू नका. वर साचलेला मातीचा थर जुन्या जमिनीच्या चढउतारांबरहुकूम सोलून काढा, म्हणजे खाली गाडलेले नदीचे जुने फाटे पुन्हा उघडे पडतील. तसं झालंही. वाल नदीकाठच्या मिलिंगरवार्डसारख्या जागी शेतं गेली आणि पाणझाडी, वाळूचे ढिगारे, मोकळी चरणारी घोडी आणि गुरं आली. १८२६ मध्ये त्या देशातला शेवटचा बीव्हर, म्हणजे झाडं कुरतडून पाण्यात घर बांधणारा प्राणी, मारला गेला होता. १९८८ पासून तो पुन्हा सोडला गेला आणि आता या नद्यांवर त्याची घरं आहेत.

इथं शेतकरी विचारतो, आणि त्यानं विचारावंच: खणून झाल्यावर जमीन मला परत का नाही? माझं पोट की तुमचा बीव्हर? वरच्या मातीचा थर जपून ठेवून, थरांचा क्रम न बिघडवता परत पसरला तर खाणीवर पुन्हा शेती होते, हे खरंच आहे, आणि पुरापासून दूर असलेल्या जागी ती व्हावी. पण नदीला खेटून असलेल्या खड्ड्याचं काय? तो भरायला इतकी माती आणायची कुठून? मग ‘भरणी’ म्हणून येतो तो बहुतेकदा पाडकामाचा राडारोडा आणि शहराचा कचरा. खडीच्या थरातून भूजल भराभर धावतं. म्हणजे जमीन परत देण्याच्या नावाखाली आपण त्याच शेतकऱ्याच्या विहिरीत कचरा ओतत असतो. शिवाय नदीनं पसरायची जागा गेली की पुराचं पाणी खालच्या गावात चढतं, आणि तिथंही शेतकरीच राहतात.

डच लोकांना हे १९९३ आणि १९९५ च्या पुरांनी शिकवलं. १९९५ मध्ये अडीच लाखांच्या आसपास माणसं घरं सोडून हलवावी लागली. त्यानंतर बेल्जियमच्या सीमेवरून वाहणाऱ्या मास नदीचा सुमारे ४० किलोमीटरांचा पट्टा रुंद करायचं काम हाती घेतलं गेलं. काठ खाली उतरवायचे, निघणारी खडी विकायची, त्या पैशांतून पूररक्षणाचं आणि हजाराहून अधिक हेक्टर नदीकाठ निसर्गाला परत देण्याचं काम भागवायचं. सगळं गोडीगुलाबीनं झालं नाही. किती खडी काढायची यावर काठच्या गावांनी वर्षानुवर्षं भांडण केलं, आणि ते योग्यच होतं, कारण पुनर्वसनाचा खर्च खडीतून निघणार म्हटलं की जास्त खडी काढायचा मोह ठेवलेलाच. पण जुलै २०२१ मध्ये मासला त्या दोन्ही पुरांहून मोठा लोंढा आला, तेव्हा रुंदावलेल्या पात्रामुळं पाण्याची पातळी एरवी चढली असती तेवढी चढली नाही.

त्या मोहावर लगाम एकच: पैसे आधी. १९७७ च्या त्या अमेरिकी कायद्याची मी वर टिंगल केली, पण त्यातली एक तरतूद उचलण्यासारखी आहे. खणायच्या आधी हमीची रक्कम ठेवावी लागते आणि काम पटल्यावरच ती सुटते. फक्त ‘पटलं’ म्हणजे काय, हे नीट लिहायला हवं. किती रोपं जगली हे विचारून ती सोडायची नाही. काठाचा उतार किती, पूर आत येतो का, आत शिरलेला मासा पाणी उतरल्यावर बाहेर पडू शकतो का, वरच्या-खालच्या पात्राचा तळ खाली गेलाय का, हे मोजायचं. आणि हे पहिल्या वर्षी मोजून भागत नाही. निदान दोन-तीन मोठे पूर जाऊ द्यायला हवेत. कंपनीला एवढं थांबणं परवडत नसेल, तर तो त्या मालाच्या किमतीत न धरलेला खर्च आहे, आणि आजवर तो नदी भरत आलीय.

राहिला देखभालीचा प्रश्न, ज्यावर कुणीच बोलत नाही. नदीपासून तोडलेलं तळं, कितीही छान घडवलेलं असो, दरवर्षी माणूस मागतं. बोरू कापावा लागतो, नाहीतर बन स्वतःच्याच पानगळीनं भरून सुकतं. चिखल्यासाठी ठेवलेल्या गोट्यांवरची झुडपं उपटावी लागतात, पाकोळ्यांसाठी दरड पुन्हा उभी छाटावी लागते. त्यासाठी माणसं, अवजारं, पैसा दरवर्षी लागतो, आणि उद्घाटनाला आलेले लोक सातव्या वर्षी येत नाहीत. नदीशी जोडलेल्या काठावर हे काम पूर करतो. एका रात्रीत झुडपं मुळासकट ओढून नेतो, दरड कापतो, जुना ओढा गाळानं मिटवून शेजारी नवा काढतो. पाणी ओसरल्यावर चिखलाच्या वासात, तुटलेल्या फांद्यांच्या मधे धुतलेल्या गोट्यांचा एक पांढरा पट्टा उरतो. त्यावर अजून गवताची काडी नसते. तपासनीस ते बघून जागा उजाड झाली अशी नोंद करील, आणि पुढच्याच विणीच्या हंगामात तिथं चार ठिपकेदार अंडी असतील.